गेटवरची खुर्ची

सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर गेटवरची खुर्ची गायब. लाल प्लास्टिकची, एक हात तुटलेली. वॉचमनकाका उभे. साठी ओलांडलेला माणूस, गुडघ्याला क्रेप बँडेज, ड्युटी १२ तासांची.

"काका, खुर्ची?"

"कमिटीनं उचलली साहेब. बसलं की डोळा लागतो म्हणे."

वर येऊन ग्रुप बघितला. रीतसर ठराव, आणि खाली नऊ अंगठे. नऊ! लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर चढताना ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, ती हीच मंडळी.

माझे बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मिटला असं रीतसर कुणी म्हटलंच नाही. नुसता विरत गेला. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात हेच झालंय, मी वेगळं काय सांगू. दोन वर्षांनी बाबा दादरला एका बिल्डिंगीत वॉचमन म्हणून लागले. बसायला काही नव्हतं, म्हणून रंगाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर गोणपाट टाकायचे. मी दहा वर्षांचा. संध्याकाळी त्यांचं जेवण पोचवायला जायचो. एकदा गेलो तर तिथले एक साहेब तो डबा पायानं बाजूला सारत होते. लाथ नव्हती हं. चपलेच्या टोकानं, हळूच. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साच्यावरपण उभाच होतो की."

खोटं बोलत होते. साच्यावर ते कारागीर होते. तिथं उभं राहिल्याशिवाय कापड निघत नव्हतं. गेटवर उभं राहून काय निघतं? आपली पायरी कुठली हे त्या माणसाला दिवसभर आठवत राहतं, एवढंच.

हो, मागच्या महिन्यात काका झोपले होते आणि बी विंगमधली सायकल गेली. गेली. मान्य.

केरळात कापडदुकानांतल्या बायका बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा २०१८मध्ये ते कायद्यात आलं. २०२१मध्ये तामिळनाडूत. बूड टेकायला कायदा! तेव्हा वाचून हसलो होतो मी.

आमचे सेक्रेटरी तसे वाईट नाहीत. लॉकडाऊनमध्ये काकांना दोन वेळचं जेवण त्यांच्याच घरून जायचं. मग खुर्चीनंच काय घोडं मारलंय? जेवण देताना फोटो निघतो, खुर्चीचा निघत नाही, म्हणून?

जाऊ दे. मी तरी कोण मोठा लागून गेलोय. तीन वर्षं तो तुटका हात येताजाता बघत होतोच की. त्या रंगाच्या डब्याची आठवण मला आज आली, खुर्ची गेल्यावर.

दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खाली नेऊन ठेवली. बायको म्हणाली, भांडणं होतील. होऊ देत. काकांना म्हटलं, बसा. त्यांनी मान वर करून खांबाकडे दाखवलं. "कॅमेरा आहे साहेब."

आत्ता गॅलरीतून बघतोय. खुर्चीवर त्यांचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवलीय. काका शेजारी उभे आहेत.