रोज दोन पानं जास्तच होतात

घरी शिकणाऱ्या लहान मुलांना रोज दोन पानं जादा गणितं द्या, असं एका लेखात म्हटलंय. सात वर्षांच्या मुलाला एवढी नकोत, असं मला मनापासून वाटतं. हातच्याची वजाबाकी अडली तेव्हा मीही लेकीला वीस-वीस उदाहरणं घातली. पाचव्यानंतर ती रडायलाच लागायची. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. ५२ मधून १७ काढताना तिने स्वतःच एक गठ्ठा सोडला, रबरबँड बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पस्तीस!" आता रोज चारच उदाहरणं, तीही चुकलेल्या प्रकारातली. फक्त त्रेसष्ट ऐकून ती अजून ३६ लिहिते, कारण तीन आधी ऐकू येतात (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन' असंही वाचन आणलं ते यासाठीही), तो सराव मात्र रोज. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीचे भाव तीच वाचते.