"थांबून बघा" सांगणारा तो मेसेज आणि आइनस्टाइनचे आईवडील

गेले काही दिवस एक मेसेज सारखा फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघींच्या घरी दोन वर्षं उलटून गेलेली आणि अजून न बोलणारी मुलं आहेत, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी स्पीच थेरपिस्ट आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगे उशिराच बोलतात, आइनस्टाइनसुद्धा उशिरा बोलला, तेव्हा तीन-साडेतीन वर्षांपर्यंत कुठे दाखवू नका. घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा. नाहीतर जीभ खालून चिकटलेली असेल, ती कापून घ्या. न बोलणाऱ्या मुलाला हवं ते दाखवून सांगायला चित्रांची कार्डं किंवा टॅब देऊ नका, मूल आळशी होतं. तोतरेपणा भीतीमुळे येतो, मूल अडखळलं की तिथल्या तिथे "नीट बोल" म्हणून सांगा. आणि शेवटी, पॅरालिसिसनंतर सहा महिन्यांत वाचा आली नाही तर ती येत नाही, पैसे घालवू नका.

आधी आइनस्टाइन, कारण सगळ्यात जास्त लोक त्याच्यावरच विसंबतात. तो उशिरा बोलायला लागला हे खरंय. पण १९५४ च्या एका पत्रात त्याने स्वतः काय लिहिलंय तर, आईवडिलांना काळजी वाटली आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला! म्हणजे ज्याचं उदाहरण देऊन "दाखवू नका" सांगतायत, त्याच्याच घरच्यांनी त्या काळातसुद्धा दाखवलं होतं. शिवाय घरची एक आठवण अशी आहे की धाकटी बहीण जन्मली तेव्हा, म्हणजे अडीच वर्षांचा होऊन गेल्यावर, त्याने विचारलं की हिला चाकं कुठेयत. बहीण येणार म्हणजे खेळणं येणार असं त्याला वाटलं असणार. असा प्रश्न विचारणारं मूल आणि त्याच वयात एकही शब्द नसलेलं मूल, यांची तुलनाच होत नाही.

आता "मुलगे उशिराच बोलतात". मुली सरासरी थोड्या पुढे असतात, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नाही. ऑस्ट्रेलियात स्टीफन झुब्रिक आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या सतराशेपेक्षा जास्त मुलांचा अभ्यास केला (२००७), त्यात साधारण १३ टक्के मुलं बोलण्यात मागे निघाली आणि मुलग्यांमधे ही शक्यता जवळजवळ पावणेतीन पट होती. मग मला सांगा, ज्याला धोका जास्त त्याची तपासणी आधी करायची की "मुलगाच आहे" म्हणून सोडून द्यायची?

हो, उशिरा बोलणारी बरीचशी मुलं नंतर बरोबरीला येतात, हे मी लपवणार नाही. लेस्ली रेस्कोर्ला यांनी अशा मुलांचा माग अगदी सतराव्या वर्षापर्यंत ठेवला. त्यातली बहुतेक सरासरीत बसली, पण तशाच घरांतल्या, वेळेवर बोललेल्या मुलांच्या मानाने शब्दसंपत्ती, व्याकरण आणि ऐकलेलं लक्षात ठेवणं यात थोडी मागेच राहिली. आणि मुळात अडचण ही आहे की दोन वर्षांच्या मुलाकडे बघून हे बरोबरीला येणार की नाही ते खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, मलासुद्धा नाही. काही मुलांची अडचण टिकते, तिला भाषाविकासातला विकार म्हणतात. इंग्लंडमधे कोर्टनी नॉरबरी यांच्या २०१६ च्या अभ्यासात शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांमधे हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास निघालं, तीसच्या वर्गात दोन मुलं म्हणा ना. यांना कमी ऐकू येत नाही, ऑटिझम नसतो, त्यामुळे ती "लक्ष देत नाही", "अभ्यासात कच्चा" अशा शिक्क्यांखाली दबून जातात.

पण मला खरी भीती वाटते ती कानाची. पालक म्हणतात, "ऐकू येतं की, दार आपटलं तर वळतो." दार आपटल्यावर जमीन हलते, सावली हलते, आणि मोठा आवाज तर बराच कमी ऐकू येणाऱ्यालाही कळतो. बोलणं कळायला "स" आणि "श" सारखे बारीक आवाज ऐकू यावे लागतात. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांचा १९९८ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहितीय: ऐकू कमी येणाऱ्या दीडशे मुलांमधे ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊन लगेच मदत सुरू झाली त्यांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. सहा महिने! आणि मेसेज साडेतीन वर्षं थांबायला सांगतोय.

तर साधा हिशोब सांगते. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, नावाला वळत नसेल तर विचारा. दोन वर्षांचं असून पन्नासच्या आत शब्द असतील किंवा "आई ये", "पाणी दे" असं दोन शब्द जोडून बोलत नसेल तर कानाची तपासणी करा आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. येणारे शब्द गेले, तर कुठल्याही वयात एक दिवसही थांबू नका. तपासणीत सगळं ठीक निघालं तर तुमचा एखादा दिवस जाईल, एवढंच.

दोन भाषांचं म्हणाल तर या मुद्द्याने सगळ्यात जास्त घरं दुखावलीयत असं माझं मत आहे, कारण "एक भाषा बंद करा" म्हटलं की बहुतेक वेळा आजीची भाषाच बंद होते. मग मूल ज्या माणसाच्या मांडीवर दिवसभर असतं तेच माणूस त्याच्याशी तुटक, परक्या भाषेत बोलायला लागतं, म्हणजे बोलणंच कमी होतं. मूल गोंधळत नाही हो. गरोदरपणात आई दोन भाषा बोलत असेल तर जन्मलेलं बाळ त्या दोन भाषा वेगळ्या ओळखतं, हे क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांच्या गटाने २०१० मधे नवजात बाळांवर दाखवलंय. मोजताना लोक एकाच भाषेतले शब्द मोजतात आणि घाबरतात, दोन्हींचे मिळून मोजा. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हीसुद्धा बिघाडाची खूण नाही, मोठी माणसं दिवसभर तेच करतात. बरं, ज्या मुलांना खरोखर भाषेचा विकार आहे त्यांचं काय? जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मधे फ्रेंच-इंग्रजी बोलणारी अशी मुलं तपासली, ती व्याकरणात त्याच विकाराच्या एकभाषिक मुलांपेक्षा मागे नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमधेही दुसऱ्या भाषेने नुकसान झालेलं दिसलेलं नाही.

जीभ कापण्याबद्दल दोनच ओळी. जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर काही बाळांना दूध ओढायला त्रास होतो, पण त्यामुळे मूल शब्दच बोलत नाही याला भक्कम पुरावा नाही. ज्याला शब्द कळत नाहीत किंवा ऐकू येत नाहीत त्याची जीभ मोकळी करून शब्द कुठून येणार?

चित्रांच्या कार्डांनी मूल आळशी होतं ही भीती मी समजू शकते, खरंच, कारण आईला पोराच्या तोंडून "आई" ऐकायचं असतं, कार्डावरून नाही. पण २००६ मधे मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी यावरचे अभ्यास एकत्र तपासले. ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा भक्कम होता त्यात एकाचंही बोलणं कमी झालं नाही, ८९ टक्के जणांचं वाढलं, थोडंच पण वाढलं. हवं ते सांगता आलं की रडणं, आपटणं कमी होतं आणि बोलायला जागा होते. मात्र टॅबवर कार्टून लावून देणं म्हणजे हे नव्हे. पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे आवाज शिकली, तेच व्हिडिओवरून अजिबात शिकली नाहीत.

तोतरेपणा भीतीमुळे सुरू होत नाही. तो साधारण दोन ते पाच या वयात सुरू होतो, घराण्यात चालत येतो, २०१० मधे डेनिस ड्रेना यांच्या गटाने त्याच्याशी जोडलेली जनुकंही शोधली. भीती नंतर येते, लोक हसल्यावर. चारातली तीनेक मुलं आपोआप सावरतात, पण घरात कुणाचा तोतरेपणा टिकलेला असेल किंवा वर्ष होत आलं असेल तर वाट बघू नका. न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत (२००५) आईवडिलांना शिकवून घरीच केलेल्या लिडकम थेरपीने निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचं अडखळणं जवळजवळ थांबलं, नुसत्या नेहमीच्या व्यवस्थेवर असलेल्यांत १५ टक्क्यांचं. आणि "नीट बोल" म्हणून टोकण्याबद्दल, १९३९ मधे अमेरिकेतल्या आयोवात अनाथ मुलांवर हाच प्रयोग झाला होता, धडधाकट बोलणाऱ्या मुलांनाही तुमचं बोलणं चुकतंय असं सांगत राहिले. ती तोतरी झाली असं नंतरच्या तपासणीत सिद्ध झालं नाही, पण काही मुलं बोलायलाच कचरायला लागली. आयोवा विद्यापीठाने २००१ मधे माफी मागितली. घरात तसला प्रयोग करू नका, पोर काय सांगतंय ते ऐका, कसं सांगतंय ते राहू द्या.

मेसेजमधला शेवटचा, पॅरालिसिसनंतरच्या वाचेचा मुद्दा वाचून मला रात्री झोप लागली नाही. स्ट्रोक, म्हणजे ज्याने पॅरालिसिस होतो तो मेंदूचा झटका, झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची भाषा जाते, त्याला अफेझिया म्हणतात. सुरुवातीचे महिने सुधारणा वेगाने होते हे खरं, म्हणूनच सहा महिन्यांचा समज पसरला असावा. पण जर्मनीत कॅटरिना ब्राइटेनश्टाइन यांच्या गटाने स्ट्रोकला सहा महिन्यांहून जास्त काळ झालेले दीडशेच्या वर रुग्ण घेतले, त्यांना आठवड्याला दहा तास किंवा जास्त अशी तीन आठवडे कसून थेरपी दिली आणि त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. जे नुसते वाट बघत होते त्यांचं सुधारलं नाही, त्यांचीही थेरपी झाल्यावर सुधारलं. २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय हे. आठवड्यातून एकदा अर्धा तास येऊन "फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांनी तो दहा तासांचा आकडा परत वाचा.

आणि अफेझियात अक्कल जात नाही. काहींना एकच शब्द येतो, पण आकडे ओळीने म्हणता येतात, गाणं म्हणता येतं, घरच्यांना वाटतं मग हे मुद्दाम बोलत नाहीत. काही जण धडाधड बोलतात पण शब्दांना अर्थ नसतो, तेव्हा लोक म्हणतात डोकं फिरलं. दोन्ही चूक. अशा माणसाशी बोलताना टीव्ही बंद करा, छोटं वाक्य बोला, हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा, कागद-पेन हाताशी ठेवा, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, मनात दहा आकडे मोजून थांबा. बाबा वर्षभर गप्प आहेत म्हणून तो मेसेज वाचून कुणी थेरपी बंद केली असेल तर परत सुरू करा.