आयडल प्रोसेस हा व्हायरस नाही, मामा!

"टास्क मॅनेजर उघडा. सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ टक्के सीपीयू खाताना दिसली, तर तोच व्हायरस!" हा फॉरवर्ड परवा मामांपर्यंत पोचला आणि लगेच फोन आला, "फॉरमॅटचे किती घेतात रे?" टास्क मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. एवढ्यासाठी फॉरमॅट!

ते ९५ टक्के म्हणजे प्रोसेसर (सीपीयू) तेवढा वेळ रिकामा बसलाय. करायला काही नसलं की विंडोज तो वेळ आयडल प्रोसेसच्या खात्यावर मांडतं. आकडा मोठा, तेवढं मशीन निवांत. डिटेल्स टॅबमध्ये बघा, तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, ० आहे. एखादं जड काम सुरू करा, आकडा आपोआप खाली येतो. काम आलं की मुकाट बाजूला होणारा असा समंजस व्हायरस असेल, तर मला पाठवून द्या.

पुढचा सल्ला मात्र घातक आहे: "एसव्हीसीहोस्ट एकापेक्षा जास्त दिसले तर सगळ्यांना एन्ड टास्क करा." अहो, ते जास्तच असतात! विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्याआड चालणारी कामं, त्यांच्यातच चालतात. २०१७च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल, तर बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. त्यातला एखादा महत्त्वाचा मारलात की निळा स्क्रीन, आणि सेव्ह न केलेलं काम गेलं. हां, या नावाखाली मालवेअर लपतं हे खरं. पण मग राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा. सिस्टिम३२ सोडून डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये निघाली तर घाबरा.

तिसरा सल्ला: "रॅम ७० टक्के भरली, क्लीनर टाका." म्हणजे रॅम मोकळी करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम. प्रोसेस एक्सप्लोरर हे चालू प्रोसेस तपासायचं टूल लिहिणाऱ्या मार्क रुसिनोविच यांनी या क्लीनरचं पितळ वीसेक वर्षांपूर्वीच उघडं पाडलंय. क्लीनर चालू प्रोग्रॅमची पानं (डेटाचे तुकडे) रॅममधून हुसकावतो, म्हणून 'मोकळी' रॅम वाढलेली दिसते. मग प्रोग्रॅमना तीच पानं परत मागवावी लागतात, काही तर थेट डिस्कवरून. मशीन उलट रखडतं. विंडोज रिकाम्या रॅममध्ये कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल असा डेटा, ठेवतं आणि गरज पडली की सोडतं. त्यात क्लीनरने लुडबुड करू नये.

आणि फॉरवर्ड म्हणतो तसा एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग्जचं टूल) प्रोसेसरची संख्या निवडून वेग वाढत नाही. ती फक्त मर्यादा आहे, कमी निवडलीत तर तेवढेच कोअर चालतील.

स्टार्टअप टॅबमधले, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालणारे, नको ते प्रोग्रॅम डिसेबल करा, हा एक मुद्दा त्या फॉरवर्डमध्ये बरोबर आहे. मामा, तेवढं करा. फक्त अँटिव्हायरसला हात लावू नका.