विचारलं तर डोक्यात भरतं म्हणे!

‘मुलांच्या हितासाठी’ असा मथळा मिरवणारा एक मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आत्महत्येचा विषय मुलांसमोर काढू नका, नसलेलं डोक्यात भरतं. जो बोलून दाखवतो तो काही करत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते. खरं दुखणं मोबाइल. माझ्या ताईने तो वाचला आणि बरेच दिवस घुम्यासारख्या बसणाऱ्या भाचीला काही विचारायचंच नाही, असं ठरवून टाकलं. ‘‘अगं, विचारणारच होते, पण उगाच खपली काढल्यासारखं व्हायचं,’’ म्हणाली. एरवी असली फॉरवर्ड्स मी उघडतही नाही.

‘डोक्यात भरतं’ हे कुणी तपासलंय का? तपासलंय. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयी थेट प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. लगेच आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर प्रश्न विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढलेली नव्हती, मरणाचे विचारही नाहीत. उलट आधीच नैराश्यात असलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं, विचारल्यावर थोडी सावरलेलीच दिसली. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली हे छापून आलंय. म्हणजे मेसेजवाले ज्या मुलांच्या नावाने भीती घालतात, नेमकं त्यांनाच विचारणं सोसवतं. तेव्हा आडवळणं नकोत. ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ इतकं सरळ विचारा, उत्तर येईपर्यंत उपदेश गिळा, आणि ‘हो’ आलं तर मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘बोलणारा करत नाही’ हा तर शुद्ध आचरटपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या अहवालात तो गैरसमजांच्या यादीतच आहे.

गोळ्यांचं मात्र, नाइलाजाने, थोडं मान्य करते. सवयीचं नव्हे, नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. पण काही मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ पासून तसा ठळक इशारा छापायला लावलाय. त्याचा अर्थ त्या दिवसांत मुलावर बारीक लक्ष ठेवा, डॉक्टरांना वरचेवर भेटा असा होतो. गोळ्या मनाने बंद करा असा नाही. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोपमोड असा वेगळाच त्रास होतो.

मोबाइलने झोपेचं खोबरं होतं, कबूल. तो काढून घेतला की नैराश्य जातं, हे मात्र मेसेज लिहिणाऱ्याने कुठून आणलं ते त्यालाच ठाऊक.