‘भाडोत्री’ म्हणण्याआधी एवढं वाचा

११ नोव्हेंबर, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, जवळ आला, की त्या युद्धात गेलेल्या हिंदी शिपायांबद्दलचा एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हे लोक इंग्रजांचे भाडोत्री होते. पगारासाठी आपखुशीने गेले, कुणी जबरदस्ती केली नव्हती. विलायतेत राजवाड्यात राहून आले. इकडे देश स्वातंत्र्यासाठी झगडत असताना त्यांनी गोऱ्यांची चाकरी केली. तेव्हा त्यांची स्मारकं नकोत आणि आठवणही नको. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांतले काही माझे जवळचे आहेत, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आधी पैशाचं. शिपायाचा पगार होता महिना ११ रुपये. गरज होती म्हणून माणसं भरती झाली, हे खरंच आहे. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातला किंवा कोकणातल्या वरकस जमिनीचा धाकटा भाऊ आणखी कुठे जाणार होता? एक तर मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. पण भाडोत्री माणूस आपला भाव सांगतो आणि पटलं नाही तर उठून जातो. या शिपायाला दोन्हीची मुभा नव्हती. पलटण सोडली तर तो फरारी, आणि मग कोर्टमार्शल. गोऱ्या शिपायाला फटके मारायची शिक्षा १८८१ मध्येच बंद झाली होती. हिंदी शिपायाच्या पाठीवर ते १९२० पर्यंत कायद्याने बसत होते.

शिवाय सगळेच पैशासाठी गेले, हे महाराष्ट्राच्या बाबतीत तर अजिबात टिकत नाही. महारांची लष्करभरती सरकारने १८९० च्या दशकात बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. गावकीतून सुटका आणि अंगावर मानाचा पोशाख हे त्या मागणीच्या मुळाशी होतं. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत सरकारने ती मोडूनही टाकली. या माणसांना भाडोत्री म्हणणाऱ्याने तो अर्ज एकदा तरी वाचावा.

दुसरा मुद्दा, आपखुशीचा. हिंदुस्थानात हिंदी माणसांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता, हे बरोबर. ब्रिटनमध्ये तो जानेवारी १९१६ मध्ये आला. पण इथे कायद्याची गरजच पडली नाही. पंजाबात जिल्ह्याला आणि तहसिलीला आकडे ठरवून दिलेले असत. तो आकडा भरायचा तहसीलदाराने आणि लंबरदाराने, म्हणजे गावच्या पाटलाने. माणसं कशी धरून आणली, धमक्या कशा दिल्या, हे काँग्रेसने पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी केली तेव्हा लोकांनी जबान्यांमध्ये सांगितलं. मजूर कमी पडले तेव्हा हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून हजारो कैदी मेसोपोटेमियात हमालीला पाठवले. शिक्षा माफ होईल हे त्यांना दाखवलेलं आमिष. यातला आपखुशीचा भाग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. लढणारे आणि मजूर-कामगार मिळून सुमारे १३ लाख लोक या युद्धात गेले. त्यात मनापासून गेलेलेही होते, ढकललेलेही होते.

तिसरा मुद्दा राजवाड्याचा. मला सर्वात जास्त तोच लागला.

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे नळ, जातीपातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हे सगळं खरं. त्या इस्पितळाचे फोटो मुद्दाम छापून हिंदुस्थानभर वाटले गेले होते. शंभर वर्षांनी आपण तीच जाहिरात पुढे ढकलतोय. त्याच गावातल्या दुसऱ्या हिंदी इस्पितळाला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि शिपायांना मोकळं फिरायला बंदी होती. घरी जाणारी पत्रं सेन्सॉर उघडून वाचत. म्हणून शिपायांनी खुणेची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं पत्रात आलं की घरच्यांनी काय ते समजायचं.

आणि फ्रान्स-विलायत पाहिलेले थोडेच. सर्वात जास्त हिंदी सैन्य गेलं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे तैग्रिस नदीने वर सरकणारं सैन्य होतं सहावं डिव्हिजन, पुण्याचं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली आणि हजारो जखमी मागे आणायची वेळ आली. अँब्युलन्स नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांत माणसं एकमेकांवर घालून नदीपर्यंत आणली. तिथून मेजिदिया नावाच्या बोटीवर. मेजर कार्टर हे लष्करी डॉक्टर बसऱ्याच्या बंदरात उभे होते. बोट जवळ येताना तिच्या बाजूने दोरखंड लोंबताहेत असं त्यांना वाटलं. ते दोरखंड नव्हते. डेकवर दाटीवाटीने पडून राहिलेल्या, उठता न येणाऱ्या माणसांची घाण कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टरांनी हे वरच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनाच दमदाटी झाली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

जे धडधाकट उरले ते मागे तैग्रिसकाठच्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला लागले. हिंदी शिपायांतले बरेच जण ते मांस खाईनात. गावी कळलं तर वाळीत टाकतील, सोयरीक तुटेल, ही भीती. तिथला सेनापती जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत तोंडाला लावलं नाही. हिरड्या सुजल्या, हातापायांतली ताकद गेली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचीच सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली आणि शेवटी कूत पडलंच. मग कैदी म्हणून वाळवंटातून शेकडो मैलांची पायपीट, आणि पुढे बगदाद रेल्वेच्या कामावर मजुरी. ज्यांना राजवाडा आठवतो त्यांनी मे महिन्यातलं ते चालणंही एकदा डोळ्यांसमोर आणावं.

चौथा, गद्दारीचा. १९१८ मध्ये टिळक सैन्यभरतीला तयार होते. बदल्यात स्वराज्य आणि हिंदी लोकांना अधिकाऱ्याची जागा मिळावी, एवढीच त्यांची अट होती. मुंबईच्या युद्ध परिषदेत ते बोलायला लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. त्याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यात पायी फिरून भरतीसाठी माणसं मागत होते. टिळक-गांधींना तेव्हा जे चुकीचं वाटलं नाही, ते अकरा रुपयांच्या शिपायाच्या माथी गद्दारी म्हणून मारायचं? शिवाय शिपाई मुकाट होते असंही नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्री या हिंदी पलटणीतल्या शिपायांनी बंड केलं आणि ४७ जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या.

राहिला आठवणीचा मुद्दा. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची तिथे नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. यासाठी, ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. तेव्हा फार आठवण काढली जाते, ही तक्रार कुठून आली?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने या युद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं. पण अशी कितीतरी गावं आहेत जिथे चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी एवढीच काय ती खूण. या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली, पैकी अमुक मेली. नाव एकाचंही नाही. अशीच एक पाटी बघायला मी गेलो होतो. आकड्यांतला काळा रंग उडालेला, त्यामुळे आठ की तीन हे बोट फिरवूनच कळत होतं. शेजारच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आजी म्हणाल्या, “त्यातला एक आमच्यातला. मालकांचा चुलत आजा. बसऱ्याला गेला, तो तिकडंच ऱ्हायला.”

मी नाव विचारलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली, जरा वेळ आठवून बघितलं.

“नाव न्हाई बा ठावं. घरात समदी त्यास्नी बसऱ्याचं आजोबाच म्हनायची.”