ओढते ना? मग झालं!

नागपुरात मे महिना लागला आणि पारा ४५ च्या वर गेला की माणसाला दोनच इच्छा उरतात. एक, कूलरसमोरून उठू नये. दुसरी, हे गावच सोडून कुठेतरी, निदान पेंचच्या जंगलात, निघून जावं. दोन्ही एकदम पुऱ्या करायच्या असतील तर कूलर बरोबर घेऊन निघावं लागतं, आणि त्यासाठी घ्यावा लागतो ट्रेलर. चाकांवरचं घर. आत पलंग, सिंक, टीचभर फ्रीज, मागच्या भिंतीला खिडकी. ओढायला तुमची मिडसाइझ एसयूव्ही दारात उभी आहेच. तिच्या हप्त्यांनी आजवर तुम्हाला ओढलं, आता तिनं थोडं काम केलं तर बिघडलं कुठे?

गाडी घेताना विचारला होता तसा इथेही एकच प्रश्न विचारायचा: ओढते का? थांबेल का, वळेल का, मागचं धूड पुढच्याला ढकलेल का, असलं काही शुभकार्याला निघताना तोंडातून काढू नये. परीक्षाच घ्यायची असेल तर ट्रेलर जोडून कॉलनीत एक चक्कर मारा. पहिल्या गिअरमध्ये हलली म्हणजे गाडी पास. पानठेल्यावर उभा असलेला जाणकार म्हणेलच, "कायले टेन्शन घेऊन राहिला भाऊ, टॉर्क आहे ना तिच्यात!" या माणसाकडे स्कूटर आहे. तरी त्याचा शब्द शेवटचा माना.

शंका उरलीच तर अमेरिकेतले व्हिडिओ बघा. तिथला एखादा गृहस्थ मिडसाइझ एसयूव्हीमागे दोन टनांचं घर लावून डोंगरात खुशाल शिट्टी वाजवत चाललेला असतो. त्याची मिडसाइझ जवळजवळ पाच मीटर लांब असते आणि तुमची साडेचारच्याही आत, त्याच्याकडे कंपनीनं दिलेलं टोइंग पॅकेज असतं, गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला वेगळा कूलर असतो, या गोष्टींकडे लक्ष देऊ नका. कूलर तुमच्याकडेही आहे. आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये या गाडीनं ट्रेलर ओढू नये असं सरळ छापलेलं असतं, म्हणून मॅन्युअल त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढूच नका. ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी आणि जुन्या पूजेच्या अक्षतांखाली ते सुखात आहे.

वजनाचा विषय काढणारे काही लोक भेटतील. वाडी आणि कळमना भागात धर्मकाटे आहेत, भरलेला ट्रेलर तिथे नेऊन वजन करून घ्या म्हणतील. नेऊ नका. काटा ट्रकवाल्यांसाठी असतो, आणि एकदा आकडा कळला की तो मनात राहतो. तसंच, ट्रेलरचं नाक हुकावर जितकं टेकतं तितकं वजन तुमच्या गाडीच्या खात्यात जमा होतं, ही बेरीजही करायची नाही. पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो. हजार किलोच्या ट्रेलरचं नाक दहा टक्क्यांनी धरलं तरी शंभर. या आकाराच्या गाडीची भार पेलायची ताकद साधारण चारशे-साडेचारशे किलोंची, म्हणजे डिकीत पाण्याची बाटली ठेवायच्या आधीच खातं बंद. पण बेरीज करायला बसलात तर मेहुण्याला घरी ठेवावं लागेल, आणि त्याचे परिणाम रस्त्यावरच्या कुठल्याही अपघाताहून जास्त टिकतात.

आता सामान. कूलर मागच्या खिडकीशीच ठेवावा, हवा तिकडूनच येणार. शंभर लिटरची टाकीही मागेच, काठोकाठ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे शाळेत शिकलो होतो, पण ते परीक्षेपुरतं. आंब्याच्या पेट्या, गॅसचं सिलिंडर, सावजी रस्सा करायचं मोठं पातेलं, घडीच्या खुर्च्या, सगळं मागे. पुढे पलंग आहे, चादर मळायला नको. तुमच्या आजोबांनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. बैलगाडी मागून जड होऊन उलार झाली की जू वर उचललं जायचं, बैलाच्या गळ्याला फास बसायचा, आणि गाडीवान काही न बोलता खाली उतरून एक पोतं पुढे सरकवायचा. पुढून जड, म्हणजे धुरजड झाली तर मागे. कुठल्याही पदवीशिवाय त्याला जे समजायचं तेच आता पुस्तकात छापतात: साठ टक्के वजन आसाच्या पुढे, नाकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. तुमच्या गाडीला मान नाही, त्यामुळे तिला कळणार नाही. तुम्हाला कळेल, पण ताशी ऐंशीच्या पुढे.

नाक फार जड झालं तरी घाबरू नका. गाडीचं ढुंगण खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं. त्याला पॉवर स्टिअरिंगच समजा. हेडलाइट आभाळाकडे वळतात, म्हणजे सोनेगावला उतरणाऱ्या विमानांचीही सोय झाली. बाहेरच्या देशांत यावर दोन पोलादी दांड्यांची एक हिच, म्हणजे जोडणी, मिळते, ती नाकावरचं वजन पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या आसाकडे वाटून देते. आपल्याकडे कॉइल स्प्रिंगमध्ये रबरी बफर ठोकले की काम होतं. वजन जिथल्या तिथेच राहतं, गाडी तेवढी उंच दिसते. आणि दिसण्यालाच तर महत्त्व आहे.

हुकासाठी ओळखीचा वेल्डिंगवाला गाठा. तो ग्रिल करतो, गेट करतो, मागच्या वर्षी त्यानं तुमच्या गच्चीचा जिनाही केला. त्याला चासिसपर्यंत जायला लावू नका, बंपरच्या पत्र्यावरच दोन टाके मारायला सांगा. हुकाचा बॉल त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरपेक्षा जरा लहान निघाला तर उत्तमच, बसवायला आणि काढायला सोपा. कधीकधी तो आपला आपणही निघतो. साखळ्या लावायच्याच असतील तर लोंबत सोडा, रात्री ठिणग्या छान दिसतात. त्या नाकाखाली एकमेकींवरून फुली मारून बांधाव्यात, म्हणजे कपलर निसटला तरी नाक डांबरावर न आपटता त्या झोळीत पडतं, असं काही लोक सांगतील. अशा लोकांना सहलीला नेऊ नये.

आरटीओचं काय, असं घरच्या बाई विचारतील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरचीही स्वतःची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. गाडीत मनानं केलेला बदलही चालत नाही. पण तुम्ही तर घर नेताय, वाहन नाही, असं म्हणून बघा. गिरीपेठेतल्या कार्यालयात हा युक्तिवाद ऐकायला माझ्याही ओळखीचे काही लोक उत्सुक आहेत.

दिव्यांचं वायरिंग घाईत झालं असेल, आणि डावा इंडिकेटर लावला की मागे उजवा लागत असेल, तर राहू द्या. नागपुरात इंडिकेटरवर तसाही कोणी विश्वास ठेवत नाही. (व्हरायटी चौकात तासभर उभं राहून बघा.)

ब्रेकबद्दल मात्र ठाम राहा. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा म्हणून आग्रह धरणारे गाडीवर अविश्वास दाखवतात. युरोपात ७५० किलोंच्या वर वजन गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे. तिथली माणसं भित्री. तुमच्या गाडीचे ब्रेक गाडीच्या वजनाला पुरतील असे बनवलेत, त्यात टनभर वजन आणखी घातलं तर ते नाराज थोडेच होतील? पेंचची सहल झाल्यावर हुरूप आला आणि पचमढीला निघालात, तर वाटेतल्या तामियाच्या उतारावर हे दिसेलच. खालचा गिअर टाकून इंजिनाला धरू देणं हा कंजूषपणा. सरळ न्यूट्रल करा, डिझेल वाचतं. मग ब्रेकवर पाय ठेवूनच उतरा. थोड्या वेळानं जळका वास येईल, तो समोरच्या ट्रकचा आहे असं सगळ्यांना सांगा. पेडल मऊ पडलं की पायाला आरामच.

टायरचं फार मनावर घेऊ नका. ट्रेलर वर्षभर अंगणात उन्हात उभा होता, त्याच्या टायरवर बारीक भेगा पडल्या असतील, तर त्यांना अनुभवाच्या सुरकुत्या म्हणा. कडेला चार आकडी शिक्का असतो, '१८१९' म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. तो वाचायला खाली वाकावं लागतं, राहू द्या. हवा भर दुपारी, गाडी तापल्यावर तपासा, दाब जास्त दिसला की सोडून द्या. थंड टायरवर मोजायचं असतं, पण पहाटे उठणार कोण?

आता रस्ता. पेंच उत्तरेला, समृद्धी महामार्ग दुसऱ्या बाजूला शिवमडक्यापासून मुंबईकडे, पण नव्या ट्रेलरचा पहिला फेरा समृद्धीवर झालाच पाहिजे. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, कारसाठी १२० ची मर्यादा. पाटीवर १२० लिहिलंय, ते तुमच्या ट्रेलरला विचारून लिहिलेलं नाही हे खरं, पण तुम्हीही कोणाला विचारून आलेला नाहीत. जर्मनीत ऑटोबानवर, जिथे मोठ्या पट्ट्यांत कारला वेगमर्यादाच नाही, तिथे मागे ट्रेलर लागला की ८० ची मर्यादा, आणि गाडी-ट्रेलरला खास मंजुरी असेल तर १००. अमेरिकेत ट्रेलरसाठीचे कित्येक टायर १०५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगापुरतेच बनवलेले असतात. ८० वरून १२० वर गेलं की थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. पण गणिताचा तास संपून बरीच वर्षं झाली.

मग एक ट्रक शेजारून जाईल. त्याची हवा आधी तुमच्या ट्रेलरला ढकलेल, मग ओढेल, आणि मागचं घर शेपूट हलवायला लागेल. आधी थोडं, मग त्याहून थोडं जास्त. इथे शांत राहणाऱ्या माणसाचं फार कौतुक होतं: अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झटका द्यायचा नाही, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ट्रेलरच्या ब्रेकचा हातातला खटका असेल तर तो हळूच दाबायचा. तुमच्याकडे खटकाच नाही, कारण ब्रेकच नाही. तेव्हा ट्रेलर डावीकडे गेला की स्टिअरिंग उजवीकडे, उजवीकडे गेला की डावीकडे, आणि मधूनमधून कचकन ब्रेक. शेजारी बसलेला मेहुणा "अबे का होऊन राहिलं बे?" असं ओरडेल. "काही नाही, हवा आहे," असं उत्तर द्यावं. त्या क्षणी गाडी कोण चालवतंय, पुढचा की मागचा, हा प्रश्न त्याच्या मनात येऊ देऊ नका. आणि गाडीत दाटी होते म्हणून मुलांना ट्रेलरमधल्या पलंगावर झोपवून आणलं असेल, तर ते निदान आत्ता उल्लेखू नका. (असं करणारे खरोखर असतात. इथे माझी विनोदबुद्धी संपते.)

समृद्धीवरून मागे फिरून कामठी, कन्हान, मनसर करत पेंचच्या जंगलाशी पोहोचलात की खरा सोहळा सुरू होतो: रिव्हर्स. रिसॉर्टचं फाटक अरुंद, आत वळायला जागा नाही, मागे दोन जिप्सी हॉर्न मारताहेत. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे जातं. ज्यांना सवय असते ते स्टिअरिंग तळाशी धरतात, हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलर वळतो, आणि ते मुंगीच्या गतीनं मागे येतात. बिघडलं की पुढे जाऊन पुन्हा सरळ करून घेतात. त्यासाठी रिकाम्या मैदानात दोन सकाळी घालवाव्या लागतात, ते आपल्याच्यानं व्हायचं नाही. त्यापेक्षा सल्लागार जमवा. रखवालदार, जिप्सीवाला, गाईड, चहावाला, आणि कुठूनसे उगवलेले पाच-सहा पोट्टे. प्रत्येकजण वेगवेगळ्या कोपऱ्यात उभा राहील आणि सगळे एकदम बोलतील. "येऊ द्या भाऊ, येऊ द्या, येऊ द्या... लेफ्ट मारा, लेफ्ट! ... अरे तो लेफ्ट नाही!" तुम्हाला आरशात यांच्यातला एकही दिसणार नाही, कारण ट्रेलर गाडीपेक्षा रुंद आहे आणि लांब हाताचे आरसे तुम्ही घेतले नाहीत. "येऊ द्या" थांबून एकदम शांतता पसरली की समजायचं, लागलं. मग खाली उतरा आणि ज्यानं सर्वात मोठ्यानं ओरडून सांगितलं त्याच्याकडे रागानं बघा.

ट्रेलर आणि गाडीचा काटकोन झाला की बंपरचा एक कोपरा निघतो. त्यावर मारलेले टाके मात्र शाबूत असतात, हे वेल्डिंगवाल्याला आवर्जून कळवा.

रात्री लक्षात येईल की दिवसभर तापलेली पत्र्याची खोली अकरा वाजताही भट्टीसारखी आहे, आणि कूलर चालवायला वीज लागते. रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. मॅनेजर अतिशय नम्रपणे सांगेल की एसी खोली आहे एक रिकामी, पाच जणांना दोन गाद्या जास्तीच्या टाकून देऊ, पार्किंगचा चार्ज ट्रेलरच्या लांबीप्रमाणे वेगळा. घ्या ती. कूलर ट्रेलरमध्येच राहू द्या, तो उतरवायला आता कोणाची कंबर उरलेली नाही. झोपायच्या आधी मेहुण्याला पाइप लावायला सांगून टाकी तेवढी पुन्हा काठोकाठ भरून घ्या. सकाळी परतीला मोकळं निघायला बरं वाटत नाही.