छंद म्हणे!

आत्ताच आमच्या रुग्णालयाच्या निवृत्त मोठ्या साहेबांच्या, आमच्या सरांच्या, शोकसभेहून आलोय. चहासुद्धा टाकला नाही, तसाच लिहायला बसलोय. लांबणार आहे. ज्यांची सरांशी ओळख नव्हती त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

पाचव्या मजल्यावरचा हॉल. एसी गारठवणारा. पडदे सगळे ओढलेले. स्टेजवर सरांचा ब्लेझरमधला फोटो. तो ब्लेझर मी अकरा वर्षांत एकदाच पाहिला, रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे लोक तपासणीला आले होते त्या दिवशी. ते लिफ्टमध्ये शिरले आणि ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर गेला तो गेलाच. पाहुण्यांसमोर प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांची रांग. मग भाषणं. खाटा किती होत्या आणि किती झाल्या. कॅथलॅब कुणाच्या काळात आली. मानांकन कसं मिळालं. एक साहेब तर सर निवृत्त झाल्यावर रुजू झालेले. त्यांनी हातातला कागद उलटा केला आणि शेवटची ओळ वाचली, "सरांना ट्रेकिंगचा छंदही होता."

छंद म्हणे! पोस्टाची तिकिटं जमवतात तो छंद. या माणसाकडे बारा महिने एकच जोडी, ॲक्शनचे ट्रेकिंग शूज. सोमवारी सकाळी राउंडला यायचे तेव्हा लेसमध्ये आदल्या दिवशीची कुसळं असायची. मेट्रन सिस्टर ओरडायच्या, सर ओशाळं हसून पायपुसण्यावर बूट घासायचे, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

त्या पडद्यांचंही सांगतो. त्याच बाजूला खाली तिसऱ्या मजल्यावर सरांची केबिन होती. पाऊस उघडला की तिथून सिंहगडाचा टॉवर दिसायचा. सर खुर्ची तिकडे करून बसायचे. फाइल घेऊन वर जायच्या आधी आम्ही शिपायाला विचारायचो, "टॉवर दिसतोय का आज?" दिसत असेल तर रजेचा अर्ज पुढे करायचा. आज त्या माणसाला निरोप द्यायला दीडशे माणसं जमली आणि एकालाही पडदा सारावासा वाटला नाही. मीसुद्धा उठलो नाही, हेही लिहितो.

मला बोलायचं होतं. कुणी विचारलं नाही. बिलिंगच्या खिडकीवर बसणाऱ्याला कोण विचारणार? तर इथे सांगतो. ताकाची गोष्ट.

2011 चा डिसेंबर. राजगड ते तोरणा. आम्ही सहाजण. रात्री पद्मावतीच्या देवळात झोपलो, उजाडता उजाडता संजीवनी माची पालथी घालून अळू दरवाज्याने खाली उतरलो आणि तोरण्याकडे जाणाऱ्या धारेला लागलो. मी नोकरीला लागून सहा महिने झालेले. पहिलाच मोठा ट्रेक, नवे बूट चावत होते, आणि साहेबांनी आपल्याला बोलावलं म्हणून कॉलर ताठ. वाटेत एक धनगराचं घर लागलं. सरांनी लांबूनच हाळी दिली. म्हातारा बाहेर आला. "या, बसा सावलीला. दमलं आसाल." आत जाऊन स्टीलचा तांब्या भरून ताक आणलं, मिठाचा खडा टाकलेलं. सरांनी सॅकमधून चहा पावडर आणि साखरेचा पुडा काढून ओट्यावर ठेवला. दरवेळची रीत असावी, कारण कुणी नको म्हणालं नाही की आभार मानले नाहीत. मी तांब्या वर केला, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि ताक घशातच राहिलं.

पुढचं सांगतो, जरा थांबा.

आधी हे ऐका. मे महिना संपत आला की सर स्वतः फार्मसीत जाऊन सर्पदंशाच्या लशीच्या, म्हणजे विषावरच्या उताऱ्याच्या, कुप्या (वायल) मोजायचे. फार्मासिस्ट कुरकुरायचा की सर, शहरात कुठले साप, माल एक्स्पायर होतो. सर म्हणायचे, शहरात नसतील, भातखाचरात असतात. वेल्हे, मुळशी, भोर, अनवाणी लावणी करणाऱ्या बायका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून ती एकच लस असते, आणि एका पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा वायल लागू शकतात, दोन-चार ठेवून भागत नाही. हे त्यांना कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. त्या खाचरांच्या बांधावरून ते वर्षानुवर्षं चालले होते, चिखलातले पाय बघितले होते. आता म्हणा छंद.

किंवा 2021 चा एप्रिल घ्या. ऑक्सिजनचे टँकर कुठे अडकलेत कुणाला पत्ता नाही, पाइपलाइनचं प्रेशर उतरतंय, भले भले डॉक्टर फोनवर रडकुंडीला आलेले. सर खाली, सिलिंडर पाइपलाइनला जोडतात त्या मॅनिफोल्ड रूमच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते, मांडीवर वही. जंबो सिलिंडर म्हणजे साधारण 7000 लिटर. मिनिटाला 15 लिटरने पावणेआठ तास. जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हायफ्लो मशीनवर 60 ने लावला तर दोन तासही नाही. कुठल्या वॉर्डात कोण कितीवर आहे याचा हिशेब ते दर तासाला करत होते. मी विचारलं, सर तुम्ही घाबरत कसे नाही? म्हणाले, "घाबरलोय की. पण पाणी किती उरलंय हे पहिल्या टाक्यापाशी बघायचं असतं, शेवटच्या चढावर नाही." सतरा रात्री ते घरी गेले नाहीत. आज भाषणात या सतरा रात्रींना अर्धं वाक्य मिळालं. त्यातसुद्धा "टीमवर्क" हा शब्द होता.

कारवी आठवली, डोंगरउतारावरचं ते झुडूप. सर वर्षं कारवीत मोजायचे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि सगळे डोंगर एकाच साली फुलतात असंही नाही, त्यामुळे हा हिशेब फक्त त्यांनाच कळायचा. "जुनं सीटी मशीन एक कारवी चाललं, नवं दीड तरी चालायला हवं." खरेदी समितीच्या मिनिट्समध्ये एकदा कुणीतरी हे जसंच्या तसं लिहिलं होतं. हसू येतंय लिहिताना. चला, चहा टाकतो.

हं. तर तो म्हातारा.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी तो माझ्या खिडकीसमोर उभा होता. म्हातारीला डिस्चार्ज होता. त्याने पिवळं रेशनकार्ड आत सरकवलं. मी म्हटलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कुठाय? तो नव्हता. मग पूर्ण बिल भरा, नाहीतर दाखला आणा. आमचं रुग्णालय धर्मादाय. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 एए, त्यावर हायकोर्टाने 2006 मध्ये घालून दिलेली योजना. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांतले 2 टक्के वेगळे काढलेले असतात. म्हणजे माझ्या किंवा ट्रस्टींच्या खिशातून एक रुपयाही जाणार नव्हता. आणि पुरावा म्हणून दाखला किंवा रेशनकार्ड, यातलं एक पुरतं. मी दोन्ही मागत होतो. का? शेजारच्या खिडकीवरचा सिनियर दोन्ही मागायचा म्हणून. खोटी कार्डं घेऊन येणारेही असतात, मान्य, मी स्वतः पकडलेत. पण त्याचं कार्ड मी नीट उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच तो बाकावर बसून राहिला. शेवटी एमएसडब्ल्यू मॅडमनी, म्हणजे रुग्णालयातल्या समाजसेविकांनी, फाइल सोडवली. आणि त्या सहा तासांत एकदाही तो म्हणाला नाही की तुमचे मोठे साहेब माझ्या ओळखीचे आहेत.

धारेवर त्या दिवशी म्हातारी घोंगडी पांघरून दारातच बसली होती. सरांनी तब्येत विचारली तर सहज सांगून गेली, "बरं हाय आता. सुटायला उशीर झाला, मंग यष्टी चुकली. रातीला स्वारगेटलाच पडलो." तक्रारीचा सूर नाही, काही नाही. सर म्हणाले, "अहो, माझं नाव सांगायचं नाही का?" म्हातारा म्हणाला, "तुमी कामात आसाल." आणि माझा तांब्या रिकामा झालाय असं समजून त्याने तो पुन्हा भरला. त्याने मला ओळखलं होतं. खात्री आहे माझी. ओळखून भरला.

सरांनाही कळलं होतं, माझ्या तोंडावरून. पण काय बोलावं त्यांनी? अर्धा तास चालल्यावर, समोर तोरण्याची बुधला माची दिसायला लागल्यावर, मागे न बघता एवढंच विचारलं, "इथून वेल्ह्याला जाऊन दाखला काढून परत यायला किती वेळ लागेल रे माणसाला?" मी मनात हिशेब केला. उतरायचं, गाडीची वाट बघायची, कचेरीत साहेब जागेवर असतील तर अर्ज द्यायचा, मग उद्या या. मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. नेढ्यातून, कातळातल्या आरपार भोकातून, वारा कसा आवाज करतो यावर बोलत राहिले.

सोमवारी मला बोलावलं. वाटलं, आता मेमो. पुठ्ठा आणि मार्कर पुढे केला. म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुझं, लिही. "रेशनकार्ड किंवा दाखला. एक पुरे." तो पुठ्ठा खिडकीच्या आतल्या बाजूला लागला, आमच्याकडे तोंड करून. पेशंटला तो कधी दिसलाच नाही. दहा वर्षं माझ्या नाकासमोर माझंच अक्षर.

सर देव नव्हते. रविवारी त्यांचा फोन लागायचा नाही, त्यावरून घरी आणि ट्रस्टींकडे, दोन्हीकडे बोलणी खायचे, आणि ती त्यांची चूकच होती. गुडघे गेल्यावर चिडचिडे झाले होते. शेवटची तीन वर्षं फक्त वेताळ टेकडी, तीही काठी घेऊन, आणि वर पोचलं की टेकडी फोडून रस्ता करायला निघालेल्यांना शिव्या. झोपेत गेले. ग्रुपवर तीन जणांनी विचारलं, "ट्रेकला गेले होते का?" जणू डोंगरानेच माणूस मारायला हवा. अरे, डोंगरानेच तर इतकी वर्षं धड ठेवला होता.

आता खरं कशाने डोकं फिरलं ते सांगतो. सभा संपल्यावर जिन्याने खाली उतरलो. बिलिंग आता काचेचं आहे, टोकन नंबर बोलतो, बसायला स्टीलच्या खुर्च्या. बरं आहे, खुर्च्या आधी नव्हत्या. आणि काचेवर छापील, लॅमिनेट केलेली सूचना: उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड, दोन्ही अनिवार्य. वर पाच मजले हार आणि अगरबत्ती, आणि खाली हे. आतली पोरगी बावीस-तेवीसची असेल, चेहरा थकलेला. माझ्याच वयाची, म्हणजे मी तेव्हा होतो त्या. तिच्यावर काय ओरडणार? तिच्या शेजारच्या खिडकीवरही कुणीतरी सिनियर असेलच. मी फक्त म्हटलं, ताई, यातलं एकच पुरतं, योजनेतच तसं लिहिलंय. ती म्हणाली, "सर, वरून आलंय." तक्रारीचा अर्ज कुठे करायचा ते मला माहीत आहे. उद्या करतोय. हे वाचणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांनो, सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये या, इथे कमेंटमध्ये हात जोडलेले बाहुले नकोत.

परत वर गेलो होतो खरं तर. हॉल रिकामा झाला होता. बाटल्या गोळा केल्या. एकेचाळीस. निम्म्यांतून दोन घोटसुद्धा प्यायलेले नव्हते. सरांच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात गडावरच्या बाटल्या उचलायला गोणपाटाची पिशवी असायची. माझ्याकडे भाजीची होती. पाणी कुंड्यांना घातलं. सफाईवाल्या मावशी बघत होत्या, म्हणाल्या, "तुमीबी साहेबावानी करताय." मग पडदा सारला. धुरकट होतं, टॉवर दिसला नाही.

एक राहिलं. त्या धारेवरच्या घरी कुणी कळवलेलं नाही. म्हातारा गेला, पण म्हातारी आहे, मुलगा आहे. ते कुठल्याच ग्रुपवर नाहीत. येत्या रविवारी जातोय. राजगड चढायचा नाही, सरळ त्या घरी. पहाटे साडेपाचला स्वारगेट. पाण्याच्या बाटल्या घरच्या आणा. चहा पावडर आणि साखर मी घेतलीय.